शौचावर ताबा राहत नाही तेव्हा: नसेला विजेची स्पंदनं देण्याच्या उपचाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत बहुतेक बायका गुडघा नाहीतर कंबर घेऊन येतात. शेक घेतात, व्यायाम करतात, पैसे देतात आणि चपला पायात सरकवताना, पाठ माझ्याकडे असताना, हळूच म्हणतात, "मॅडम, आणखी एक होतं... संडास धरवत नाही." हल्ली त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो: "कमरेत मशीन बसवतात म्हणे, मोबाईलवर बघितलं. खरं काय ते?" तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे एका जागी लिहिली. मी सर्जन नाही, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारी आहे. यंत्र बसवायला माणसं माझ्याकडून पुढे जातात आणि बसवून झाल्यावर माझ्याकडेच परत येतात. मधल्या काळात काय होतं ते त्यांच्याकडूनच कळतं.

हे वयामुळेच होतं ना? मग उपचार कसला?

वय वाढलं की स्नायू सैलावतात, हे खरं. पण माझ्याकडे पस्तिशीतल्या बायकाही येतात. त्यांच्यात सगळ्यात जास्त आढळणारं कारण बाळंतपण. प्रसूती अवघड झाली, चिमटा लावावा लागला, की कधी कधी फाटलेली जागा थेट गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाते. टाके पडतात, जखम भरते, बाई कामाला लागते. तेव्हा तरुण स्नायू सांभाळून घेतात. वीस-पंचवीस वर्षांनी पाळी थांबली की त्याच जागेची तक्रार सुरू होते, आणि तोवर बाळंतपणाची आठवण कुणालाच राहिलेली नसते.

पुरुषांमध्ये मूळव्याध किंवा भगंदराचं ऑपरेशन झालेलं असतं. गुदाशयाच्या कर्करोगावरची शस्त्रक्रिया, त्या भागाला दिलेलं रेडिएशन, पक्षाघात, मणक्याचे आजार, आंग (गुदाशयाचा भाग) बाहेर येणं अशी बाकीची कारणं. आणि मधुमेह. आयसीएमआरची जी मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की जसे पायाचे तळवे बधिर होतात, तशाच आतड्याच्या आणि गुदद्वाराच्या नसाही मंदावतात. त्यात मेटफॉर्मिन या मधुमेहाच्याच गोळीनं काहींना पातळ संडास होते. अशा एक-दोघांना फक्त गोळीचा प्रकार डॉक्टरांकडून बदलून घ्यायला सांगितलं, तेवढ्यानं निम्मा त्रास गेला.

कधीमधी वारा सुटतो, थोडा डाग पडतो. एवढ्यासाठी डॉक्टरकडे जायचं?

डॉक्टर यासाठी एक गुणपत्रिका वापरतात. घट्ट शौच, पातळ शौच, वारा, पॅड लावावं लागणं आणि रोजच्या वागण्यात पडलेला फरक, अशा पाच गोष्टींना शून्य ते चार गुण. शून्य म्हणजे पूर्ण ताबा, वीस म्हणजे अजिबात नाही. मी त्यात माझा एक प्रश्न घालते: मार्दोळच्या देवळात शेवटचं कधी गेलात? 'सोवळं राहत नाही' म्हणून देऊळ सोडलं, बसला संडास नसतो म्हणून पणजीला जाणं सोडलं, सप्ताहाच्या भजनाला न बसता दारातच उभं राहू लागलात, तर गुण कितीही येवोत, जाऊन या.

मग सरळ मशीनच बसवून घेतलं तर?

नको. हे उत्तर मोठं आहे आणि कंटाळवाणंही, पण निम्म्याहून जास्त लोकांचं काम इथेच होतं, असा माझा अनुभव.

आधी बघायचं ते शौच कसं होतं. पातळ शौच धरून ठेवणं धडधाकट माणसालाही जड जातं. ते घट्ट आणि बांधीव झालं की दुबळा स्नायूसुद्धा पेलतो. त्यासाठी इसबगोल, पण पाण्याचा ग्लास भरून नव्हे. थोड्या पाण्यात किंवा दह्यात घ्या, म्हणजे ते आतलं पाणी शोषून घेतं. सकाळी रिकाम्या पोटी कडक कॉफी किंवा चहा घेतला की आतडं खडबडून जागं होतं, हे आपल्याला माहीत असतं आणि तरी आपण बस पकडायच्या अर्धा तास आधीच तो घेतो. तिखट कडी, फेणी, जास्त तेलकट, दूध पचत नसेल तर दूध, यांतलं नेमकं कशानं होतं ते प्रत्येकाचं वेगळं. उकड्या तांदळाची पेज बहुतेकांना मानवते. लोपेरामाइड ही जुलाब थांबवणारी गोळी आतड्याची चाल मंदावते आणि गुदद्वाराच्या आतल्या स्नायूचा ताणही थोडा वाढवते. लग्नाला, जत्रेला जाण्याआधी ती किती घ्यायची हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर ती घ्यायची नाही.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत एक फसवी गोष्ट असते. सासूबाईंना दिवसातून दहा वेळा पातळ लागतं, म्हणून घरचे जुलाब थांबवणारी गोळी देतात. प्रत्यक्षात आत दगडासारखा मळ अडकलेला असतो आणि त्याच्या कडेनं पातळ पाझरत असतं. गोळीनं तो दगड आणखी घट्ट होतो. बोटानं तपासल्यावर डॉक्टरला दोन मिनिटांत कळतं. या माणसांना मशीन नको, एनिमा हवा.

त्यानंतर व्यायाम. चारचौघांत वारा अडवताना जो स्नायू आवळतो, तोच आवळायचा. मांड्या, पोट, कुल्ले ढिले ठेवायचे आणि श्वास रोखायचा नाही. पाच मोजेपर्यंत धरा, तेवढाच वेळ सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सोडणंही तितकंच महत्त्वाचं. बऱ्याच जणी धरतात आणि सोडायलाच विसरतात. तीन महिने तरी मनापासून करायचं. बायोफीडबॅकमध्ये गुदद्वारात बारीक सेन्सर ठेवून आवळलेला जोर पडद्यावर दाखवतात. आपण चुकीचा स्नायू आवळत होतो हे डोळ्यांनी दिसलं की शिकणं सोपं जातं.

एवढं करूनही आठवड्यात एक-दोनदा कपडे खराब होत असतील, तर पुढचं वाचा.

नसेला स्पंदनं देतात म्हणजे काय करतात? कुठल्या नसेला?

आपण 'नस' म्हणतो तेव्हा अर्धे लोक रक्तवाहिनी समजतात, म्हणून आधी सांगते: ही मेंदू-मणक्याकडून संदेश नेणारी-आणणारी नस, मज्जातंतू. माकडहाडाच्या वर जे त्रिकोणी हाड असतं, त्रिकास्थी, त्याला दोन्ही बाजूंनी भोकं असतात. तिसऱ्या भोकातून जी नस बाहेर येते, तिच्याकडे गुदाशय, गुदद्वार, मूत्राशय आणि ओटीपोटाच्या तळाचं बरंचसं काम असतं. त्या नसेच्या शेजारी एक बारीक तार ठेवतात. तारेच्या टोकाला चार इलेक्ट्रोड असतात. कुल्ल्याच्या वरच्या भागात कातडीखाली छोटी बॅटरी असते, तिला ही तार जोडतात. मग सौम्य विजेचे ठोके, साधारण सेकंदाला चौदा, रात्रंदिवस चालू राहतात. हृदयाच्या पेसमेकरचं भावंड म्हणा, घर मात्र वेगळं.

ही कल्पना मूळची लघवीच्या त्रासासाठी. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये टनागो आणि श्मिट यांनी १९८०च्या दशकात ती रुजवली. शौचाच्या त्रासासाठी जर्मनीतल्या एर्लांगेनच्या मात्सेल आणि सहकाऱ्यांनी ती वापरली आणि १९९५ साली तीन रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं लघवीसाठी १९९७ मध्ये आणि शौचासाठी २०११ मध्ये मान्यता दिली. ज्या बाईला दोन्हीचा त्रास आहे, आणि अशा पुष्कळ असतात, तिला एकाच तारेनं दोन्हीकडे फायदा होऊ शकतो.

दुसरा, हलका प्रकार घोट्याजवळच्या नसेचा. त्याबद्दल पुढे.

त्यानं स्नायूला ताकद येते का?

सुरुवातीला डॉक्टरांनाही तसंच वाटलं होतं. पण स्नायूला चीर असलेल्या बायकांनाही फरक पडू लागला, तेव्हा विचार बदलला. आता असं मानतात की या ठोक्यांचा मुख्य परिणाम वर जाणाऱ्या संदेशांवर होतो. गुदाशय भरला आहे, आत वारा आहे की शौच, किती वेळ थांबता येईल, ही जाणीव मेंदूपर्यंत नीट पोहोचू लागते आणि आतड्याची अवेळी उसळी कमी होते. साखळी गावाकडच्या एका बाईंनी मला हे फार छान सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "पूर्वी दारावर थाप पडायच्या आधीच पाहुणा घरात. आता थाप ऐकू येते, साडी सावरायला वेळ मिळतो."

आधी कुठल्या तपासण्या करतात?

बोटानं तपासणी, गुदद्वाराचा दाब मोजणारी मॅनोमेट्री, आणि स्नायू सलग आहे का हे पाहायला आतून सोनोग्राफी. शौचाची सवय अलीकडेच बदलली असेल, रक्त पडत असेल, वजन उतरलं असेल तर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं मोठ्या आतड्याची तपासणी, आधी. कर्करोग नाही याची खात्री झाल्याशिवाय कुणी नसेकडे वळू नये.

चाचणी घेतात म्हणे. ती कशी असते?

या उपचारातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट हीच. गुडघा बदलल्यावर 'नको, जुनाच बरा होता' म्हणता येत नाही. इथे मात्र आधी वापरून बघता येतं.

रुग्णाला पालथं झोपवतात. सी-आर्मवर, म्हणजे टेबलाशीच चालता एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर, त्रिकास्थीचं तिसरं भोक शोधून त्यातून सुई घालतात आणि हलका करंट देतात. मग ऑपरेशन टेबलाशी एक गंमत असते: एक माणूस पायाच्या अंगठ्याकडे बघत बसतो. योग्य नस सापडली की गुदद्वाराभोवतीचा भाग भात्यासारखा आत खेचला जातो आणि त्याच बाजूच्या पायाचा अंगठा खाली वाकतो. पूर्ण पाऊलच फिरायला लागलं तर सुई वरच्या भोकात आहे. भाता हलला पण अंगठा गप्प, तर खालच्या. भूल फार गाढ नसेल तर रुग्णालाही विचारतात: कुठे जाणवतं? 'संडासच्या जागेभोवती टकटक' हे हवं असलेलं उत्तर.

मग तार आत राहते आणि बाहेर कमरेच्या पट्ट्याला छोटं यंत्र लटकतं. साध्या तात्पुरत्या तारेची चाचणी काही दिवस चालते, कायमच्या तारेची दोन-तीन आठवडे. या दिवसांत वाकणं, पिळवटणं, कळशी उचलणं, स्कूटरवर मागे बसणं टाळायचं. आंघोळ नाही, अंग पुसून घ्यायचं. आपल्याकडे हे सांगणं सोपं, निभावणं कठीण. मे महिन्यात घामानं चिकटपट्टी सुटते, जूनमध्ये दमट हवेनं. चाचणीची तारीख निवडणं आपल्या हातात असेल तर मी डिसेंबर-जानेवारी सुचवते. चतुर्थीच्या तोंडावर तर अजिबात नको. गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटोळी बांधायला हात वर करणार नाही असं कुठलीच गृहिणी शपथेवर सांगू शकत नाही.

चाचणी पास की नापास, हे कोण ठरवतं?

तुमची वही. कपडे खराब होण्याचे प्रसंग निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले तरच कायमची बॅटरी बसवतात. हा हिशेब चाचणीआधीच्या दोन आठवड्यांशी लावतात, म्हणून आधीची नोंद नसेल तर पुढच्या नोंदीला अर्थच नाही. 'बरं वाटतंय' हे उत्तर पुरेसं नाही. डॉक्टरांवरच्या भिडेनं बरं वाटतं, पैसे खर्च झाले म्हणूनही बरं वाटतं.

छापील तक्ता बहुतेक घरांत कपाटात जातो, म्हणून मी कालनिर्णय वापरायला सांगते. ते भिंतीवर असतं आणि तारखेच्या चौकोनात दूध-गॅसच्या खुणा करायची सवय असतेच. टिंब म्हणजे वारा सुटला. छोटा गोल म्हणजे डाग. फुली म्हणजे कपडे बदलावे लागले. बाण म्हणजे घाईनं धावत गेले पण पोहोचले. घरच्यांना त्याचा पत्ता लागत नाही. एका बाईंच्या नातवानं विचारलं, आजी, हे काय? तर म्हणाल्या, "मांजर कधी येऊन गेलं ते लिहिते."

बाण विसरू नका. फुल्या कमी होऊन बाण वाढले, तर ती प्रगतीच आहे.

किती जणांना फरक पडतो?

अमेरिकेतल्या ज्या अभ्यासावर २०११ची मान्यता मुख्यतः आधारलेली होती, त्यात १३३ जणांची चाचणी झाली आणि १२० जणांना कायमचं यंत्र बसलं. वर्षभरानं त्यातल्या ८३ टक्के लोकांचे प्रसंग निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले होते आणि ४१ टक्के लोकांचे पूर्ण थांबले होते. आठवड्याला सरासरी ९.४ प्रसंग होते, ते १.९ वर आले. हे आकडे चांगले आहेत, पण उलट बाजूनंही वाचा: निम्म्याहून जास्त जणांचे प्रसंग पूर्ण थांबले नव्हते. 'पूर्वीसारखं होईल' या आशेनं गेलेली माणसं नाराज होतात. 'बसनं पणजीला जाऊन येता येईल' या आशेनं गेलेली सहसा खूश असतात.

घोट्याला सुई लावून होतं असंही ऐकलं. ते स्वस्त ना?

स्वस्त आहे आणि निरुपद्रवीही. पायाच्या घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या साधारण तीन बोटं वर बारीक सुई टोचतात, तळव्याला एक पट्टी चिकटवतात आणि अर्धा तास हलका करंट देतात. असं आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. ही नस वर जाऊन त्याच त्रिकास्थीतल्या नसांना मिळते, म्हणून तिच्यातून संदेश पाठवायचा.

पण इंग्लंडमध्ये २२७ रुग्णांवर याची खोट्या उपचाराशी तुलना झाली, २०१५ मध्ये निकाल आला. खऱ्या सुईनं ३८ टक्के लोकांचे प्रसंग निम्म्यावर आले, खोट्यानं ३१ टक्के. एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो. माझ्याकडे हे यंत्र आहे, त्यावर मला पैसे मिळतात, तरीही सांगते: यावर मोठी आशा ठेवू नका. सुईऐवजी नुसत्या चिकटपट्ट्या लावून देतात त्याबद्दलही माझं हेच मत. व्यायामासोबत, घाई हीच मुख्य तक्रार असेल आणि ऑपरेशनची भीती असेल तर बारा आठवडे करून बघायला हरकत नाही. त्यासाठी कुणी हजारोंचं 'पॅकेज' आगाऊ मागत असेल तर उठून या.

स्नायू फाटलेला असेल तर आधी तो शिवायला नको का?

पूर्वी हाच क्रम होता. शिवण्याच्या शस्त्रक्रियेचा फायदा वर्षांमागून वर्षं ओसरत जातो, असं दिसून आलं आणि फाटलेल्या स्नायूवरही स्पंदनं चालतात हे कळलं. आता चीर किती मोठी आणि किती जुनी यावर सर्जन ठरवतात. बाळंतपणात नुकतीच झालेली दुखापत असेल तर ती नीट शिवणं हेच पहिलं काम.

कुणाला हा उपचार चालत नाही?

चाचणीत फरक न पडलेल्यांना, हे तर उघडच. त्रिकास्थीची घडण जन्मतःच वेगळी असलेल्यांना, त्या जागी जंतुसंसर्ग असलेल्यांना, मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्यांना, आणि रिमोट हाताळता येणार नाही व घरात हाताळणारंही कुणी नाही अशांना. आंग बाहेर येत असेल तर त्याचा इलाज आधी. गरोदरपणात नव्यानं बसवत नाहीत, आधीच बसवलेलं असेल तर सहसा बंद ठेवतात.

शॉक लागतो का? सतत जाणवतं का?

शॉक नाही. सुरुवातीला मुंग्यांसारखं किंवा टकटक असं जाणवतं, मग मेंदू त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, जसा भिंतीवरच्या घड्याळाकडे करतो. दुखत असेल, पाय ओढल्यासारखा वाटत असेल, तर सेटिंग बदलायची वेळ आली. रिमोटवर जोर कमी-जास्त करता येतो. 'सोसलं तर जास्त गुण येईल' या हिशेबानं जोर वाढवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तसं काही नसतं.

मशीन बसल्यावर काय सांभाळायचं?

पहिले सुमारे सहा आठवडे तार जागेवर रुजायची असते. जड उचलणं नको, उकिडवं बसून अंगण झाडणं नको, हात ताणून वरचा डबा काढणं नको. पुढे सगळं करता येतं: स्कूटर, पोहणं, देवळाच्या प्रदक्षिणा, नवरा-बायकोचे संबंध. त्या शेवटच्या गोष्टीबद्दल कुणी तोंडानं विचारत नाही, म्हणून मीच लिहून टाकलं. बॅटरीच्या जागेवर घट्ट नाडी बांधू नका.

एमआरआयच्या आधी यंत्राचं कार्ड दाखवायचं. जुन्या मॉडेलवर फक्त डोक्याचा एमआरआय चालायचा, नव्यांवर अटी पाळून पूर्ण शरीराचा करता येतो. मोपा किंवा दाबोळीच्या विमानतळावर दारातला डिटेक्टर वाजू शकतो. कार्ड दाखवा, हातानं तपासायला सांगा, दारात रेंगाळू नका.

आणि डायाथर्मी कधीही नाही. हे मी ठळक सांगते, कारण ही चूक माझ्याच व्यवसायातले लोक करू शकतात. कंबर दुखते म्हणून फिजिओथेरपीला गेलात, दोन मोठ्या पॅडमधून शेक देणारं मशीन लावलं, तर त्या लहरींनी तार तापते आणि आतली नस भाजू शकते. यंत्र बंद असलं तरी धोका तोच. मी शिकाऊ असताना एका आजोबांना पॅड लावून झाले होते, फक्त बटण दाबायचं राहिलं होतं. शर्टाच्या खिशातून डबी काढताना ते म्हणाले, "छातीत पेसमेकर आहे, चालेल ना?" माझ्या फॉर्मवर तो प्रश्न होता, मी विचारलाच नव्हता. तेव्हापासून माझ्या खोलीच्या दारावरच लिहिलेलं आहे: अंगात कुठलंही यंत्र असेल तर आधी सांगा. दुसरं कुठलंही ऑपरेशन व्हायचं असेल तरी सर्जनला आणि भूल देणाऱ्याला सांगा.

बॅटरी किती वर्षं चालते?

सुरुवातीच्या बॅटऱ्या साधारण तीन ते सात वर्षं चालत. नव्या, चार्ज न होणाऱ्या त्याहून बऱ्याच जास्त. चार्ज होणाऱ्या पंधरा वर्षं चालाव्यात अशा बनवल्या आहेत. चार्जिंग कातडीवरूनच होतं, पट्टा बांधून थोडा वेळ बसायचं. सत्तरीच्या माणसाला दर काही आठवड्यांनी चार्जिंगची आठवण ठेवणं जमेल का, हा प्रश्न सर्जनपेक्षा सुनेला विचारावा. बॅटरी संपली की फक्त ती बदलतात, तार तीच राहते.

बिघाड काय होऊ शकतो?

बॅटरीच्या जागी दुखणं, जंतुसंसर्ग, तार सरकणं किंवा तुटणं. वर सांगितलेल्या अमेरिकन अभ्यासात दहापैकी साधारण एकाला जंतुसंसर्ग झाला आणि त्यातल्या काहींचं यंत्र काढावं लागलं. मधुमेह असेल तर शस्त्रक्रियेआधी साखर आटोक्यात आणणं म्हणूनच गरजेचं. जागा लाल झाली, गरम लागली, पाणी आलं तर 'बघू दोन दिवस' म्हणू नका.

सुरुवातीला छान चाललेलं वर्ष-दोन वर्षांनी मंदावतं, असंही होतं. साखळीच्या त्याच बाईंच्या फुल्या दीड वर्षानं परत वाढल्या. शस्त्रक्रिया बाहेरगावी झालेली, जायला कंटाळा, आठ महिने तशाच बसल्या. शेवटी गेल्या तेव्हा चारपैकी दुसऱ्या दोन इलेक्ट्रोडवर प्रवाह वळवला. काम तेवढंच होतं. पायरीवरून घसरून पडल्यानंतर त्रास परत सुरू झाला असेल तर मात्र तार हलली आहे का हे एक्स-रे काढून बघतात.

गोव्यात कुठे जायचं? खर्च किती?

सुरुवात बांबोळीच्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) सर्जरी ओपीडीतून किंवा म्हापसा, मडगावच्या जिल्हा इस्पितळातून करा. बोटानं तपासणी, सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी इथपर्यंतचं काम घराजवळ होतं. मॅनोमेट्री आणि यंत्र यांसाठी मुंबई, पुणे किंवा बंगळुरूची वाट धरावी लागू शकते. जिथे बसवणार तिथे विचारायचा पहिला प्रश्न: वर्षाला अशी किती यंत्रं बसवता, आणि सेटिंग बदलायला दर वेळी इथेच यावं लागेल का?

नुसत्या यंत्राचा खर्चच लाखांत जातो. त्यावर इस्पितळ, प्रवास, चाचणीचे दोन-तीन आठवडे परगावी राहणं. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार लाखांचं कवच आहे. पण योजना ठरलेल्या उपचारांच्या यादीवर चालते. कार्ड घेऊन आधी मंजुरी लिहून घ्या, मगच तारीख ठरवा. खासगी विम्याच्या बाबतीतही 'चाचणी' आणि 'कायमचं यंत्र' या दोन्ही टप्प्यांची मंजुरी वेगवेगळी मागा.

चाचणी नापास झाली, किंवा परवडलंच नाही तर?

मार्ग संपत नाही. रोज ठरलेल्या वेळी पाण्यानं आतडं धुऊन मोकळं करण्याचं साधन घरी वापरता येतं. मग दिवसभर काही येत नाही. गुदद्वारात बसवायचे मऊ बूच असतात, सगळ्यांना सोसत नाहीत. काहींसाठी शेवटी पोटावर शौचाचा मार्ग काढणं हाच सगळ्यात मोकळा उपाय ठरतो. ते ऐकताच रडणाऱ्या आणि सहा महिन्यांनी 'हे आधीच का नाही केलं' म्हणणाऱ्या, अशा दोन्ही अवस्थांतल्या एकाच बाईला मी पाहिलं आहे.

मधल्या काळात कातडी जपा. कागदानं घासू नका, पाण्यानं धुवा, टिपून कोरडं करा, झिंक ऑक्साइडचं मलम लावा.

तातडीनं कधी जायचं?

शौच किंवा लघवीवरचा ताबा अचानक गेला आणि सोबत पाय लुळे पडले, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवी तुंबली, तर तो मणक्याचा प्रकार असू शकतो. त्याच दिवशी, १०८ बोलावून. बधिरपणाला तेल चोळत बसू नका.

ओपीडीत पाच माणसं उभी असतात. डॉक्टरांना सांगू कसं?

तोंडानं सांगू नका. कागदाच्या चिठ्ठीवर लिहा आणि केस पेपरला टाचून पुढे करा. माझ्याकडच्या एका बाईंनी लिहिली होती ती अशी: 'तीन वर्षांपासून संडास धरवत नाही. आठवड्यात चार-पाच वेळा कपडे बदलावे लागतात. पहिल्या बाळंतपणात टाके पडले होते. मधुमेह आहे, गोळ्यांची यादी मागे. कालनिर्णयाची दोन पानं सोबत. कृपया पडद्याआड बोलावे.' डॉक्टरांनी वाचलं, बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगितलं आणि पहिला प्रश्न विचारला तो कालनिर्णयातल्या बाणांचा.